नानांचं चलान

नानांकडून गाडीचा विमा काढायचा तर आधी त्यांना त्या गाडीत बसवून नशिराबादपर्यंत न्यावं आणि परत आणावं लागे. हा नियम कंपनीचा नव्हता. गाडी कोणत्या सालची, नंबर काय आणि मागच्या वर्षी क्लेम घेतला की नाही, एवढं कळलं की कंपनीचं भागतं. ती चालवणारा माणूस कसा आहे, हे आमच्या कुठल्याच फॉर्मवर विचारलेलं नाही. नाना म्हणायचे, "फॉर्म विचारत नाही, म्हणून मी विचारतो," आणि गिऱ्हाइकाच्या आधी जिना उतरायला लागायचे.

मी जळगावच्या एका विमा कंपनीच्या शाखेत मोटार विभागात बसते. नाना आमच्या शाखेचे सगळ्यात जुने एजंट. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत, आणि त्यांच्या बायकोला नानी. उंच, जरा पुढे झुकलेले, अंगात अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, आणि चालणं असं की त्यांच्याबरोबर बँकेपर्यंत गेलं तर वाटेत माझीच झोप व्हायची.

गिऱ्हाइकाच्या गाडीत ते पुढच्या सीटवर बसत नसत. मागे मधोमध बसायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा झोपला. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "डोळे उघडे ठेवले की माणूस गाडी बघत बसतो, बेटा. मिटले की डायव्हर कळतो." परत आल्यावर ते माझ्या टेबलापाशी यायचे आणि एक तर मान हलवायचे, नाहीतर हळूच सांगायचे, "याला दुसऱ्या एजंटकडे पाठव." यात त्यांचं कमिशन बुडायचं आणि मॅनेजरचं टार्गेट. मॅनेजर बदलत गेले, पण नानांवर ओरडून दमणं हे काम प्रत्येकाने इमाने इतबारे केलं.

एकदा एका मोठ्या कापूस व्यापाऱ्याचा मुलगा नवी कोरी, ट्रकएवढी उंच गाडी घेऊन आला. त्या घरातल्या सगळ्या गाड्यांचा विमा आमच्याकडे येण्याची शक्यता होती. मॅनेजर स्वतः खाली जाऊन गाडीला हात लावून आले. नाना बसले, गाडी गेली, आणि थोड्या वेळाने मुलगा एकटाच परत आला. नाना नशिराबादला उतरून गेले होते. तासाभराने ते काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून, कोंबून बसलेल्या माणसांमधून वाट काढत उतरले आणि शर्ट झटकत वर आले. मॅनेजरने विचारलं, "काय केलंत हे?" तर त्यांची घरातली अहिराणी बाहेर पडली. "हाऊ गाडी चालाडत नहीं साहेब, उडाडस."

तो विमा अर्थातच दुसऱ्याने काढला. आणि सांगायची गोष्ट अशी की त्या मुलाला आजतागायत काही झालेलं नाही. परवाच मी त्याला बायको-मुलांसह पाहिलं. नानांचा अंदाज बरोबर असायचाच असं नाही, हे नानांनाही माहीत होतं. त्यांना अंदाज बांधायचाच नव्हता. ज्या गाडीतून मध्येच उतरावंसं वाटतं तिच्या कागदावर आपली सही नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची स्वतःची गाडी जुनी, बदामी रंगाची आणि इतकी स्वच्छ की आत बसताना आपलीच चप्पल आपल्याला खटकायची. काटा चाळिशीच्या पुढे जात नसे. शेळ्या आल्या की गाडी थांबे, लग्नाची मिरवणूक आली की इंजिन बंद होई, सायकलवाला मागून आला की नाना खिडकीतून हात काढून त्याला पुढे जायची खूण करत. हॉर्न ते वाजवतच नसत. "मी येतोय हे त्याला दिसेलच की," म्हणायचे. लांबच्या प्रवासात पारोळ्याला थांबून इंजिनाला दम खाऊ द्यायचा हा त्यांचा जुना नेम. आताच्या गाड्यांना असा दम लागत नाही, असं मेकॅनिकनेही त्यांना सांगून पाहिलं होतं.

लोक म्हणायचे, बरेच अपघात बघितले असतील म्हातार्‍याने, म्हणून असा झाला. मलाही आधी तसंच वाटायचं. पण त्यांचा धाकटा भाऊ अमळनेरकडे शेती करतो, तो एकदा ऑफिसात आला होता. तो म्हणाला, "कसला अपघात? हा लहानपणी बैलगाडी पण अशीच हाकायचा. बैल मागे वळून बघायचे याच्याकडे." सगळे हसलो. नानाही हसले.

नानी याच्या अगदी उलट. माहेर धुळ्याचं. बोलणं जलद, चालणं जलद. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा वांगी भाजून, सोलून, भरीत होऊन, ताटात कळण्याची भाकरी पडली तरी नानांचे हात धुवून झाले नव्हते. "यास्नं असंच शे," असं म्हणून नानीने मला वाढायला सुरुवात केली. त्या दोघांचं कसं जमलं असेल, असं मला त्या दिवशी वाटलं. पुढे वाटेनासं झालं. नाना आंघोळीला गेले की ती त्यांचा चष्मा पुसून ठेवायची, आणि ती बोलत असताना नाना पेपर खाली ठेवायचे. पुष्कळ घरांत एवढंही नसतं.

फक्त एक होतं. नानी नानांच्या गाडीत बसत नसे.

यामागचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि तेही नानीकडूनच. एके दुपारी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा तिने सांगितलं. तिचे वडील धुळ्याला अंथरुणावर होते. त्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला की आबा तुझं नाव घेतायत, लगेच निघ. दोघं निघाले. नाना नेहमीसारखेच चालवत होते. मागून बस गेली, ट्रक गेले, केळीचे टेम्पो गेले. पारोळ्याला त्यांनी गाडी सावलीत घेतली आणि बॉनेट उघडलं. नानी खाली उतरली नाही, काही बोललीही नाही. धुळ्याला घराच्या गल्लीत वळले तर बाहेर पुरुष माणसं खाली माना घालून बसलेली. आबा थोड्याच वेळापूर्वी गेले होते. शेवटपर्यंत विचारत होते, माझी बेबी आली का.

"मग तुम्ही नानांना काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलू? त्या माणसाने मुद्दाम केलं का? त्याला पळवताच येत नाही." तिने सोललेले दाणे वाटीत टाकले. "पण मला आता त्या गाडीत बसवत नाही. दार उघडलं की पारोळा आठवतो."

त्यानंतर पहिल्यांदा धुळ्याला जायची वेळ आली तेव्हा नानांनी गाडी पुसून दारात आणून लावली होती. नानी पर्स घेऊन बाहेर आली आणि साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही या सावकाश. मी यष्टीमा जास." आणि रिक्षा करून स्टँडवर गेली.

नानांनी काय करावं? तिची बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि तिच्या एसटीच्या मागे गाडी काढली. तेव्हापासून तोच रिवाज पडला. नानी एसटीने पुढे, नाना बॅगेसकट मागे. एसटी गावाबाहेर पडते न पडते तोच दिसेनाशी व्हायची. नानी माहेरी पोहोचून, चहा पिऊन, भावजयीशी गप्पा मारून जरा लवंडायची, तेव्हा कुठे तिची बॅग यायची. ऑफिसात यावर भरपूर चेष्टा चाले. नाना सोमवारी आले की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय नाना, गाठली का एसटी?" नाना म्हणायचे, "दिसली होती नाक्यापर्यंत." खरं कारण माहीत असलेली मी एकटीच, त्यामुळे मला हसू येत नसे.

त्यांना ते लागलं होतं. ते बोलत नसत, पण एकदा एका एजंटने बायकोला गाडीतून शिर्डीला नेल्याचं कौतुक सांगितलं, तेव्हा नाना उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. आयुष्यभर ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता त्याच गोष्टीने बायको वडिलांच्या शेवटच्या भेटीला मुकली होती. तिने एकदा भांडून घेतलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त एसटी धरली.

गेल्या हिवाळ्यात नानी भाच्याच्या मुलीच्या बारशाला धुळ्याला गेली. नाना या वेळी मागोमाग गेले नाहीत, मार्च जवळ आला होता आणि नूतनीकरणाची कामं होती. दुसऱ्या दिवशी दुपारी शाखेचा फोन वाजला. मी उचलला. नानीचा भाऊ होता. अक्काच्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं आहे, नानांचा फोन लागत नाही, त्यांना लगेच पाठवा. नाना समोरच चहा पीत होते. मी सांगितलं तसे ते उठले. कप टेबलाच्या कडेवर ठेवला, तो पडला, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी म्हणाले, "नाना, मी येते बरोबर, थांबा." पण ते जिन्यावर होते. जिना उतरताना त्यांच्या पायांचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी खिडकीशी गेले. बदामी गाडी आवारातून उलटी बाहेर निघाली ती अशी, की वॉचमन खुर्चीसकट बाजूला झाला. मग हॉर्न वाजला. वॉचमनने वर माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, नानांना काय झालं?"

पुढचं मला धुळ्याच्या दवाखान्यात नानीनेच सांगितलं. मी दोन दिवसांनी भेटायला गेले होते. ती उशीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला, पण तोंड सुरूच. डॉक्टरांनी जास्त बोलू नका सांगितलंय, हेही तिने मला बराच वेळ सांगितलं. म्हणाली, मला आत घेऊन सुया-बिया लावून होतात न होतात तोच हे दारात उभे. मला वाटलं भ्रम झाला. एवढ्या लवकर हे? मी विचारलं, "कशावर वनात?" म्हणे, "गाडीवर." मी म्हटलं, "लबाड नका बोला." तर म्हणे शप्पथ, पळवत आणली, एरंडोलच्या पुढे पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी उभी होती, त्यांनी फोटो काढला, आता चलान येईल.

नाना पलीकडे स्टुलावर बसले होते. "मी त्यांना बघितलं होतं," ते मला म्हणाले. "लांबूनच दिसले. पण पाय काढावासा वाटला नाही."

"ऐका यांचं," नानी म्हणाली. "पोलिसाने फोटो काढला म्हणे यांचा. उभ्या गाडीचा काढला असेल." मग नानांकडे बघून म्हणाली, "चलान येई तवय दखाडा. मंग मानसू."

चलान दाखवा, मग मानेन. ती हसत म्हणाली, पण नाना हसले नाहीत. त्यांनी ते मनावर घेतलं. नानीला तिच्या वडिलांच्या वेळी जे देता आलं नाही ते त्यांनी या वेळी दिलं होतं, आणि देणाऱ्याकडे त्याचा काही पुरावा नव्हता. सरकार तो पाठवणार होतं. जगात चलानाची एवढी वाट दुसऱ्या कोणी पाहिली नसेल. ते दर थोड्या वेळाने खिशातून मोबाईल काढत, चष्मा लावत, मेसेज वरून खाली बघत आणि परत ठेवत. मी जळगावला परतल्यावर त्यांचा मला फोन, "बेटा, चलान यायला किती दिवस लागतात?" मी म्हटलं, "येईल हो, कधी लगेच येतं, कधी वेळ लागतो. आणि न आलं तर चांगलंच की." ते म्हणाले, "नाही, नाही, यायला पाहिजे."

नानीचा त्यात खेळ झाला होता. सकाळी नाना डबा घेऊन आत शिरले की ती पहिलं विचारायची, "वनं का चलान?" नाना म्हणायचे, "नहीं वनं अजून." भावजय सांगते, तपासायला येणाऱ्या डॉक्टरलाही तिने सांगून ठेवलं होतं की आमचे हे पोलिसांच्या कॅमेऱ्यात सापडलेत, अजून कागद यायचाय. मग सिस्टर आत आली की तीही विचारायची, आलं का काका.

घरी सोडायचं ठरलं होतं. जळगावला कशाने जायचं यावर बोलणंसुद्धा झालं. नाना म्हणाले, ॲम्ब्युलन्स सांगतो. नानी म्हणाली, कशाला, आपली गाडी आहे की खाली. भावजयीने हे मला नंतर सांगितलं, आणि सांगताना पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी संध्याकाळी चहा पिता पिता नानीला दुसरा झटका आला. त्यातून ती उठली नाही. नाना तेव्हा खाली गाडी पुसत होते, दुसऱ्या दिवशी तिला न्यायचं म्हणून.

दिवसकार्य झाल्यावर भावजयीने नानीची पर्स नानांच्या हातात दिली. त्यात तिचा मोबाईल होता, दवाखान्यात नेल्या दिवसापासून तसाच पडून बॅटरी संपलेला. नानांनी तो जळगावला आणला, आणि पुढच्या आठवड्यात माझ्याकडे घेऊन आले, सुरू करून दे म्हणून. तिचे काही फोटो असतील, ते हवे होते. मी माझ्या चार्जरला लावला. थोड्या वेळाने स्क्रीन उजळली आणि एकामागून एक मेसेज दिसायला लागले. त्यात ते होतं. गाडीचा नंबर, महामार्ग, मर्यादेपेक्षा जास्त वेग. गाडी पळवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आलेलं.

मला आधी समजेना की यांचं चलान नानीच्या फोनवर कसं. नानांना लगेच समजलं. ते खुर्चीत बसले. गाडी घेतली तेव्हा आरटीओच्या कागदांवर त्यांनी नानीचा नंबर दिला होता. गाडी चालवताना आपला फोन वाजायला नको म्हणून. जन्मभर लोकांचे फॉर्म तपासणारा माणूस, आणि स्वतःचं हे साफ विसरला होता. नानी दवाखान्यात त्यांना रोज विचारत होती, चलान आलं का, आणि ते तिच्याच पर्समध्ये, तिच्या भावाच्या घरी, खुंटीला टांगलेलं होतं.

"तिच्याजवळच होतं," नाना म्हणाले. ते पुन्हा तेच म्हणाले. मग फोन दोन्ही हातांत धरून बसून राहिले. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर कोणाला आत सोडलं नाही.

मला स्वतःला वाटतं, नानीने केव्हाच मानलं होतं. नाहीतर आपली गाडी आहे की खाली, असं ती म्हणालीच नसती. मी हे नानांना सांगितलंही. ते म्हणाले, "ती बोलली असती तसं. तिच्या पोटात काही राहतं का?" तिच्या पोटात पारोळा किती वर्षं राहिला होता ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मार्चमध्ये त्यांच्याच गाडीचा विमा नूतनीकरणाला आला. नाना माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "माझा हप्ता वाढव."

मला वाटलं, काही जास्तीचं कव्हर हवंय. तसं नव्हतं. "मी मर्यादेच्या वर गाडी चालवली. पकडलो गेलो. माझा धोका वाढला की नाही? मग हप्ता वाढायला पाहिजे."

"नाना, तुम्हीच मला शिकवलंत. आपण क्लेम बघतो. तुम्ही क्लेम कुठे घेतलाय? उलट तुम्हाला बोनसची सूट बसते."

"चलानाचं काहीच नाही?"

"काहीच नाही. चलानं बघून हप्ता ठरवावा असं बोलतात अधूनमधून, पण आपल्याकडे अजून तसं नाही. तुम्हाला माहीत आहे हे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तरी बघ. एखादा शेरा मारता येतो का कुठे."

मी कॉम्प्युटरकडे बघत बसले. क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट नको, असं लिहायला त्यात जागा नाही. शेवटी मी पॉलिसी छापली. दर वर्षीसारखी सूट तिच्यावर होतीच. नानांनी ती घडी न घालता हातात धरली आणि खाली मान घालून निघून गेले. एखाद्याला शिक्षा नाकारताना एवढं वाईट वाटतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

एक मात्र झालं. आरटीओने त्यांचा परवाना काही काळासाठी थांबवला आणि वेगमर्यादा मोडणाऱ्यांसाठी असतो त्या समुपदेशन वर्गाला बोलावलं. सगळे त्याला कोर्सच म्हणतात. नानांना गाडी चालवता येणार नव्हती, म्हणून मी त्यांना माझ्या स्कूटीवर घेऊन गेले. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता, दाढी केली होती. बऱ्याच दिवसांनी ते कुठे जायला तयार होऊन बसले होते. स्कूटीवर मागे बसल्यावर त्यांनी डोळे मिटले का, हे मी आरशात बघितलं नाही.

वर्गात बाकी सगळे वैतागलेले. कॉलेजची पोरं, एक टेम्पोवाला, एक औषधविक्रेता, कापडाच्या दुकानाचे एक शेठजी. शिकवणारे आरटीओ साहेब सांगलीकडचे, तरुण, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी वेगाने गेलेल्या गाड्यांची चित्रं दाखवली. पोरं मोबाईल बघत होती. नाना सगळ्यात पुढे बसून मन लावून बघत होते. मी मागच्या बाकावर.

काही शंका, असं साहेबांनी विचारलं तेव्हा शेठजी उठले. "साहेब, एक सांगा. हा कोर्स करवून घेतला म्हणजे आमच्या गाडीच्या विम्यावर काही परिणाम होईल का? हप्ता वाढेल का कमी होईल?"

वर्गात पहिल्यांदाच सगळ्यांनी माना वर केल्या. साहेब जरा अडखळले. नाना विमावाले आहेत हे त्यांना कागदांवरून ठाऊक होतं. ते म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा."

नाना उठले, शेठजींकडे वळले. "परवाना थांबवलेला असताना गाडी चालवली आणि काही झालं, तर क्लेम अडकेल शेठ. तेवढं सांभाळा. बाकी काही नाही. हा कोर्स केला तरी नाही, आणि नाही केला तरी नाही. विम्याच्या कागदाला तुम्ही किती जोरात गेलात ते कळत नाही." ते परत पुढे वळले. "कोणाकडे जात होतात ते तर नाहीच कळत."

शेठजींना पाहिजे ते उत्तर मिळालं होतं. ते समाधानाने बसले. नाना उभेच राहिले, म्हणून असेल, साहेबांनी पुढची चौकशी त्यांच्यापासूनच सुरू केली. एकेकाने वेग का वाढवला ते सांगायचं आणि पुन्हा करणार नाही असं सगळ्यांसमोर म्हणायचं, अशी त्यांची पद्धत होती. लोक म्हणतात आणि सुटतात. नानांनी सांगितलं, "बायको दवाखान्यात होती. धुळ्याला."

"पोहोचलात ना वेळेत?"

"पोहोचलो. तिला खरं वाटलं नाही."

साहेबांना ते नीट कळलं नसावं. त्यांनी हातातला कागद बघितला, नानांचं वय बघितलं आणि अगदी मऊ आवाजात, उरकून टाकावं तसं विचारलं, "ठीक आहे काका. मग पुन्हा एवढ्या जोरात चालवणार नाही ना?"

टेम्पोवाल्याने मोबाईल खिशात टाकला. नानांनी आपल्या बाकाच्या कडेला हात टेकवला, आणि ऑफिसातली, आरटीओतली मराठी सुटून ते घरात बोलायचे तसं बोलले.

"आते कोनासाठे चालाडू, साहेब?"

साहेब सांगलीकडचे, त्यांना समजलं नसेल म्हणून मी अर्थ सांगायला उठले. त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला आणि मला खाली बसायची खूण केली.